कळतं, पण ऐन वेळी वळत नाही
उफाळणाऱ्या भावना आवरण्याचं कौशल्य शिकवणारी एक उपचारपद्धती

"मले समजते जी, पण त्या टायमाले काईच सुचत नाई."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना, गडचांदूर, जिवतीच्या पट्ट्यात हे वाक्य अनेकांच्या तोंडी असतं. रागाच्या भरात मोबाइल आपटून फोडणारा तरुण ते म्हणतो. लेकराला बेदम मारून मग रात्रभर त्याच्या उशाशी रडत बसणारी आई ते म्हणते. दारू सोडायची शपथ घेऊन आठवड्यात पुन्हा पिणारा माणूस आणि स्वतःलाच इजा करून घेणारी मुलगीही हेच सांगते. ही माणसं अडाणी नाहीत. कापसाचा भाव, कर्जाचा हप्ता, पोराच्या शाळेची फी यांचा हिशोब त्यांना चोख जमतो. काल आपलं चुकलं, हेही त्यांना दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतं. मग हे सगळं शहाणपण नेमक्या वेळी जातं कुठे?

गावात याची ठरलेली उत्तरं मिळतात: स्वभावच तापट आहे, मनाचा कच्चा आहे, कोणीतरी काहीतरी केलंय. मानसोपचाराच्या क्षेत्रातलं उत्तर वेगळं आहे. तीव्र भावना सांभाळणं हे पोहण्यासारखंच शिकून येणारं कौशल्य आहे. काहींना ते लहानपणी घरातच मिळतं. काहींना मिळत नाही, पण ते मोठेपणीही शिकता येतं. या शिकवणीवर उभ्या असलेल्या पद्धतीचं नाव आहे 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी'. तिला थोडक्यात डीबीटी म्हणतात. शेतकऱ्याच्या खात्यात थेट अनुदान जमा होतं, ती डीबीटी वेगळी.

मेंदूतला पहारेकरी

आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखणं हे त्याचं एक मुख्य काम. पायवाटेवर काही सळसळलं की साप आहे की दोरी, हे ठरण्याआधीच तो शरीराला इशारा देतो. छाती धडधडते, श्वास भरभर होतो, स्नायू ताठरतात. कपाळामागचा भाग सावकाश विचार करून परिणामांचा अंदाज घेतो. तो थोडा मागून येतो आणि सांगतो, "दोरीच आहे, थांब." एरवी ही जोडी उत्तम चालते. पण इशारा फार जोराचा असला की विचार करणाऱ्या भागाचं काही चालत नाही. "सुचत नाही" म्हणणारा माणूस सहसा सबब सांगत नसतो. त्या घटकेला त्याच्या मेंदूत खरोखरच तसं घडत असतं.

मोठा आघात सोसलेल्या अनेकांचा हा पहारेकरी कायम जागा राहतो. आमच्या जंगलपट्ट्यात आघातांची अनेक रूपं आहेत. मोहफुलं किंवा तेंदूपत्ता वेचताना डोळ्यांदेखत वाघाने सोबतीण ओढून नेणं. पैनगंगेच्या पुरात उभं पीक जाणं आणि त्यानंतर घरातल्या कर्त्या माणसाने जीव देणं. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. तीही अशीच जखम. पण सर्वांत जास्त आघात घराच्या चार भिंतींत होतात: लहानपणचा मार, लैंगिक अत्याचार, दारू पिऊन आलेल्या बापाची रोजची दहशत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, त्यामागे हाच अनुभव होता. 1 एप्रिल 2015 पासून बंदी आली आणि 2021 मध्ये ती उठली.

अशा घरात वाढलेल्या मुलीला तिशीतही रात्री दारात वाजलेली पावलं किंवा दारूचा नुसता वास पुरेसा होतो. आज समोर धोका नसतो, पण शरीर जुन्या दिवसासारखंच पेटतं.

ठिणगी एकच, जंगल वेगवेगळं

तरी एक प्रश्न उरतो. एकाच घरातल्या दोन भावांवर सारखाच प्रसंग येतो. एक जण संध्याकाळपर्यंत विसरतो, दुसरा तीन दिवस धुमसतो. असं का?

इथे उन्हाळ्यातला वणवा डोळ्यांसमोर आणावा. जंगलात ठिणगी कुठेही पडू शकते. ओल्या मातीवर पडली तर विझते, हातभर वाळक्या पाचोळ्यावर पडली तर डोंगर पेटतो. काही माणसं जन्मतःच हळवी असतात. त्यांच्यात तीन गोष्टी दिसतात: भावना लवकर जागी होते, जोरात उसळते आणि शांत व्हायला फार वेळ घेते. हा शरीराच्या घडणीचा भाग आहे, दोष नव्हे.

अशा हळव्या मुलाला घरात सतत ऐकावं लागतं: "रडतो काय पोरीसारखा?", "नाटकं करते नुसती", "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?" म्हणजे त्याला जे वाटतं, ते खोटं किंवा चुकीचं ठरवलं जातं. मग ते मूल भावनेला नाव द्यायला शिकत नाही आणि ती शांत करायलाही शिकत नाही. हळू बोललं तर कोणी ऐकत नाही, टोकाचं काही केलं तरच घर धावून येतं, हा धडा मात्र ते पक्का शिकतं. जन्मजात हळवेपणा आणि भावना नाकारणारं वातावरण वर्षानुवर्षं एकमेकांना खतपाणी घालतात. पाचोळ्याचा थर असा साचत जातो.

वन विभाग वणव्याची तयारी आग लागल्यावर करत नाही. उन्हाळा तापण्याआधीच ठरावीक पट्ट्यांतलं गवत आणि पाचोळा काढून जाळरेषा आखतात, म्हणजे आग लागली तरी ती पट्टा ओलांडत नाही. डीबीटीतली कौशल्यं या जाळरेषेसारखी आहेत. ती थंड डोक्याने, रोज थोडी थोडी घोटायची असतात. भडका उडाल्यावर पहिल्यांदाच करून पाहिली तर बहुधा उपयोग होत नाही.

जिने स्वतः ते भोगलं

ही पद्धत घडवली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी. त्यांचा जन्म 1943 मधला. 1961 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्ड इथल्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आलं. त्या स्वतःला वारंवार इजा करून घेत आणि त्यांना एकांत खोलीत ठेवलं जाई. तिथे दोन वर्षांहून अधिक काळ काढून त्या बाहेर पडल्या. या नरकातून आपण निघू आणि मग इतरांना बाहेर काढू, हा त्यांचा निर्धार होता. पुढे त्या सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. हा भूतकाळ त्यांनी जाहीरपणे सांगितला तो 2011 मध्ये, आणि तोही त्याच रुग्णालयात भाषण करताना.

वारंवार मरणाचा विचार करणाऱ्या स्त्रियांसोबत काम करताना त्यांना एक अडचण आली. फक्त "असं वाग, तसं बदल" सांगितलं की रुग्णाला वाटे, सगळा दोष माझाच. ती चिडे किंवा येणं सोडून देई. उलट फक्त सहानुभूतीने ऐकून घेतलं की तिला वाटे, माझ्या यातनांवर कोणी काही करतच नाही. लिनेहान यांनी दोन्ही टोकं एकत्र बांधली: तुझ्या आयुष्यात जे घडलं ते पाहता तुझं असं होणं समजण्यासारखं आहे, आणि तरीही तुला बदलावं लागेल. परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हा 'डायलेक्टिकल' या शब्दाचा गाभा आहे. स्वीकाराची बाजू घडवताना त्यांना झेन ध्यानसाधनेतल्या स्वतःच्या शिक्षणाचा उपयोग झाला.

चार कौशल्यं

पूर्ण उपचार साधारण वर्षभर चालतो. आठवड्यातून एकदा थेरपिस्टसोबत एकट्याची भेट, एकदा गटात कौशल्यांचा वर्ग, मधल्या दिवसांत कठीण वेळी फोनवर मार्गदर्शन, आणि थेरपिस्टची आपसातली नियमित बैठक, असे त्याचे चार भाग असतात. वर्गात चार प्रकारची कौशल्यं शिकवतात.

*1. भानावर राहणं.* आत्ता काय घडतंय ते पाहायचं, त्याला शब्द द्यायचे, पण लगेच निवाडा करायचा नाही. "सासूबाईंनी न बोलता ताट ठेवलं" ही घटना. "त्यांना मी नकोशी झाले" हा आपण लावलेला अर्थ. दोन्हींत फरक करता आला की अर्धा भडका टळतो. कापूस वेचताना बोटांना टोचणाऱ्या बोंडाच्या टोकांकडे, पाठीवरच्या उन्हाकडे, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं हाही याचाच सराव. मन भरकटलं की न रागावता ते परत आणायचं. डीबीटीत मनाच्या तीन अवस्था सांगतात: भावनेने वाहून गेलेलं मन, कोरडा हिशोब करणारं मन आणि दोन्हींचं ऐकून ठरवणारं शहाणं मन. तिसऱ्याशी ओळख वाढवायची असते.

*2. कठीण घटका निभावणं.* परिस्थिती लगेच बदलणार नाही, पण ती आणखी बिघडू द्यायची नाही, एवढंच इथलं ध्येय. पहिली पायरी म्हणजे थांबायचं, एक पाऊल मागे घ्यायचं, आत-बाहेर काय चाललंय ते पाहायचं आणि मगच पुढे जायचं. त्याने भागलं नाही तर शरीराच्या वाटेने जायचं. माठातल्या गार पाण्यात बर्फ असेल तर तो टाकून, वाकून, श्वास रोखून काही सेकंद चेहरा बुडवायचा किंवा ओला गार फडका डोळ्यांवर-गालांवर धरायचा. चेहऱ्याला गारवा लागून श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. दुसरा उपाय म्हणजे काही मिनिटं भरभर चालणं किंवा अंगमेहनत. तिसरा, श्वास चार अंकांपर्यंत आत घेऊन सहा-आठ अंकांपर्यंत सावकाश बाहेर सोडणं. लांब उच्छ्वासाने शरीराची शांत करणारी यंत्रणा जागी होते.

याच भागात 'पूर्ण स्वीकार' शिकवतात. गेलेलं पीक गेलं, गेलेला माणूस गेला, हे सत्य मान्य करायचं. त्याच्याशी रोज भांडत राहिलं की दुःखावर आणखी यातना चढतात. स्वीकार म्हणजे अन्याय मुकाट सोसणं मात्र नव्हे. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता. त्यासाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे.

*3. भावनांची मशागत.* अपुरी झोप, उपाशी पोट, अंगावर काढलेलं दुखणं आणि दारू यांनी पाचोळा वाढतो. म्हणून आधी शरीर सांभाळायचं. मग भावनेची वस्तुस्थितीशी ताडणी करायची: भीती वाटते, पण खरा धोका किती आहे? तो नसेल तर भावना जे करायला सांगते त्याच्या उलट वागायचं. भीती पळ म्हणते, तर हळूहळू जवळ जायचं. उदासी अंथरुणात पडून राहा म्हणते, तर उठून अंगण झाडायचं. विनाकारण शरम मान खाली घालायला लावते, तर मान वर करून बोलायचं. शिवाय रोज एक तरी आनंदाची आणि एक तरी जमल्याचं समाधान देणारी गोष्ट करायची.

*4. माणसांशी निभावणं.* हवं ते मागायचं, नको त्याला नाही म्हणायचं, आणि हे करताना नातं व स्वाभिमान दोन्ही राखायचे. आधी घटना सांगायची, मग भावना, मग स्पष्ट मागणी, शेवटी त्याने दोघांचंही काय भलं होईल ते. एखादी बायको नवऱ्याला असं म्हणू शकते: "कापसाचे पैसे आले तवा तुमी दोन दिवस घरी आले नाई. मले लय भेव वाटलं. पुढच्या खेपी पैसे आले का आधी घरी या. किराणा आन् पोराची फी आपण दोघं मिळून ठरवू, मंग तुमालेबी घोर राहणार नाई." यात टोमणा नाही, जुनी उणीदुणी नाहीत. ऐकणारा लगेच बदलेल याची हमी नाही, पण ऐकून घेण्याची शक्यता वाढते.

पहिल्या ठिणगीपर्यंत मागे जाणं

कौशल्यं असूनही पाय घसरतोच. तेव्हा थेरपिस्ट रागावत नाही, पण विषय सोडूनही देत नाही. दोघं मिळून घटनांची साखळी उलगडतात. समजा, एका शेतकऱ्याने रात्री मुलाला मारलं. एक कडी मागे: मुलगा उलट बोलला. त्याच्या मागे: "आपल्याला घरात कोणी किंमत देत नाही" हा विचार. त्याआधी: कृषी केंद्रवाल्याने चार लोकांत उधारीची आठवण करून दिली. त्याआधी: जेवण झालं नव्हतं. त्याआधी: रानडुकरांच्या राखणीसाठी दोन रात्री जागरण. आता "तापट स्वभाव" हे उत्तर अपुरं दिसू लागतं आणि पाच ठिकाणं समोर येतात जिथे साखळी तोडता आली असती. पुढच्या वेळी कोणत्या कडीवर कोणतं कौशल्य वापरायचं, हे तिथेच ठरतं. मारणं बरोबर ठरत नाही, त्याची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते. पण ती पेलायची कशी, ते त्याला कळतं.

जुनी जखम केव्हा उघडायची?

आघाताबद्दल एकदा मोकळेपणी बोललं की मन हलकं होतं, असा समज आहे. पण स्वतःला सावरण्याची साधनं हाती नसताना भयंकर आठवणी उकरल्या तर माणूस आणखी ढासळू शकतो. म्हणून डीबीटीत क्रम ठरलेला असतो. आधी जिवाचा धोका टाळणं, मग उपचारातच अडथळा आणणाऱ्या गोष्टी दूर करणं, मग रोजचं जगणं सावरणं. पाय रोवले गेले की प्रशिक्षित थेरपिस्टच्या सोबतीने त्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं. टाळत राहिलेली आठवण सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा अनुभवली की मेंदू हळूहळू शिकतो: ते तेव्हा घडलं होतं, आत्ता घडत नाही.

याचा उपयोग होतो का, हे तपासलं गेलं आहे. लिनेहान यांची पहिली चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. 2006 च्या अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न किंवा स्वतःला इजा केलेल्या 101 स्त्रिया होत्या. दोन वर्षांत इतर अनुभवी तज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे 46 टक्के स्त्रियांनी पुन्हा आत्महत्येचा प्रयत्न केला. डीबीटी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 23 टक्के होतं. लहानपणी अत्याचार सोसलेल्या 193 स्त्रियांवरचा जर्मनीतला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आघातासाठी बेतलेल्या डीबीटीची तुलना दुसऱ्या एका नावाजलेल्या पद्धतीशी केली होती. दोन्हींचा फायदा झाला, डीबीटीचा काहीसा जास्त.

हे कोरपन्यापर्यंत यायचं कसं?

चंद्रपूर गाठायला गडचांदूरच्याही पुढे जावं लागतं, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय तर नागपुरात. दर आठवड्याला एवढा प्रवास करून वर्षभर उपचार घेणं शेतमजूर बाईला परवडणारं नाही. म्हणून काही होणारच नाही, असं मात्र आपल्या भागाचा इतिहास सांगत नाही.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार 39 गावांत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. जे काम दवाखान्यातच होऊ शकतं असं जग मानत होतं, ते झोपडीत झालं.

मनाच्या बाबतीतही विदर्भात हे घडलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्य ओळखायला, धीर द्यायला, गरज पडली तर पुढे पाठवायला शिकून घेतलं. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं होतं. त्याच वर्षी गोव्यातल्या 'संगत' संस्थेने दाखवून दिलं की मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नीट शिकवलेले समुपदेशक सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्यातून अनेकांना बाहेर काढू शकतात.

हे कार्यक्रम डीबीटीचे नव्हते. पण नीट शिकवलं आणि पाठीशी जाणकार देखरेख असली तर मनाला आधार देण्याची कौशल्यं गावाच्या हाती देता येतात, एवढं त्यांनी सिद्ध केलं. आघाताच्या आठवणींवरचं काम तज्ज्ञांकडेच राहायला हवं. श्वास सावकाश सोडणं, घटना आणि अर्थ वेगळे करणं, साखळी उलगडणं, नीट मागणं हे मात्र बचत गटाच्या बैठकीत, आश्रमशाळेत, आशाताईंच्या प्रशिक्षणात शिकवता येईल. ते मराठीइतकंच गोंडी आणि कोलामीतही व्हायला हवं, कारण भावनेला नाव द्यायचं तर ते घरच्या बोलीतच सुचतं.

मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या सेवांच्या यादीतही ती आहे. तेव्हा ग्रामसभेत रस्ता आणि नळाबरोबर या सेवेचीही मागणी व्हायला हवी. आमच्या उपकेंद्रात मनाच्या आजारांची तपासणी कोण करतं, आशाताईंचं प्रशिक्षण कधी होणार, समुपदेशक तालुक्याला कोणत्या दिवशी येणार, हे प्रश्न ठरावात लिहून द्यावेत. ज्या जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदी मागून घेतली, त्यांना हे मागणं जड नाही.

थोडक्यात

• भावना सांभाळणं हे कौशल्य आहे. ते कोणत्याही वयात शिकता येतं, पण सराव शांत वेळी करावा लागतो.
• जन्मजात हळवेपणा आणि भावना नाकारणारं वातावरण एकत्र आलं की त्रास वाढतो. आघाताने तो आणखी तीव्र होतो.
• चार कौशल्यं: भानावर राहणं, कठीण घटका निभावणं, भावनांची मशागत, माणसांशी निभावणं.
• घरच्यांनी काय म्हणावं: "तुला इतका त्रास होतोय हे मला दिसतंय. मी इथेच बसतो." "एवढ्यात काय झालं?" हे टाळावं. भावना समजून घेणं म्हणजे प्रत्येक कृतीला संमती देणं नव्हे.
• कोणी मरणाचं बोलत असेल तर ते खरं मानावं, त्या व्यक्तीला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत आणि लगेच दवाखाना गाठावा.
• 'टेली-मानस'चा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं.